राउटरचे पोर्ट संपले, मग स्विच घ्यायचा का?

नेट स्लो चालतंय म्हणून कुणी तुम्हाला स्विच घ्यायला सांगितलं असेल, तर आधी पैसे खिशात ठेवा. स्विचने नेटचा वेग वाढत नाही. वाय-फायची रेंजही वाढत नाही, कारण साध्या स्विचला अँटेनाच नसतो. लॅन केबल खोचायच्या जागा वाढवणं, एवढंच त्याचं काम. ते तो इतकं चोख आणि इतक्या कमी पैशांत करतो की ज्याच्या घरी खरोखर जागा कमी पडतायत त्याने दुसरा उपाय शोधत बसूच नये. ज्याला मुळात जागा कमी पडत नाहीत, त्याच्या टीव्हीमागे मात्र तो एक सॉकेट अडवून धूळ खात बसतो. आपण यातले कोण, हे दुकानात जायच्या आधी घरीच ठरवता येतं. त्याला तांत्रिक ज्ञान फारसं लागत नाही. कागद, पेन आणि राउटरच्या मागे वाकून बघायची तयारी असली की झालं.

फायबरवाला भिंतीवर जो पांढरा डबा लावून जातो त्याला कुणी मोडेम म्हणतं, कुणी राउटर, कुणी ओएनटी. त्या एका डब्यात चार उपकरणं कोंबलेली असतात. फायबरमधून आलेल्या प्रकाशाचे विजेचे संकेत करणारा ओएनटी, घरातल्या सगळ्यांची ये-जा एकाच बाहेरच्या पत्त्यावरून चालवणारा राउटर, वाय-फाय पसरवणारा ॲक्सेस पॉइंट, आणि मागच्या बाजूला ओळीने जे चार पोर्ट दिसतात तो स्विच. म्हणजे स्विच तुमच्या घरात आधीपासूनच आहे. तो पुरतोय की नाही, एवढंच बघायचं.

स्विच आत काय करतो

लॅनला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाला कारखान्यातूनच ४८ बिटांचा एक मॅक ॲड्रेस मिळालेला असतो. स्विच नुकताच चालू झालेला असतो तेव्हा त्याला कुणाचीच ओळख नसते. तिसऱ्या पोर्टातून माहितीचं एक पाकीट आत आलं की पाठवणाऱ्याचा मॅक ॲड्रेस तो टिपून ठेवतो: हा तिसऱ्यावर. मग पाचव्यातून एक येतं, तेही टिपतो. थोड्याच वेळात कुठल्या पोर्टावर कोण याची यादी तयार होते. त्यानंतर डेस्कटॉपने प्रिंटरला पाठवलेलं पाकीट फक्त प्रिंटरच्या पोर्टातून बाहेर पडतं, टीव्हीला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्याच्याकडून बराच वेळ (बहुतेक स्विचमध्ये पाचेक मिनिटं) काहीच आलं नाही त्याची नोंद पुसली जाते, आणि तो पुन्हा बोलला की पुन्हा होते. म्हणूनच साध्या स्विचमध्ये सेटिंग करायला काही नसतं. पासवर्ड नाही, ॲप नाही. एका पोर्टातली केबल काढून दुसऱ्यात घातली तरी त्याचं काही बिघडत नाही.

हे इतकं सरळ पूर्वी नव्हतं. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत इथरनेटची आखणी केली तेव्हा सगळे संगणक एकाच केबलला जोडलेले असायचे. एक बोलत असताना इतरांनी गप्प बसायचं आणि दोघं एकदम बोलले तर दोघांनी थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. नंतर हब आले, पण हबही आलेलं पाकीट सगळ्या पोर्टांवर ओतून मोकळा व्हायचा. पाकीट नेमक्या पोर्टाला पोचवणारा पहिला इथरनेट स्विच १९९० मध्ये बाजारात आला. त्याला सात पोर्ट होते आणि तो आणणाऱ्या अमेरिकी कंपनीचं नाव होतं कल्पना. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज आणि त्यांचे सहकारी लॅरी ब्लेअर यांनी ती काढली होती आणि भारद्वाजांच्या पत्नीचं नाव तिला दिलं होतं. पुढे १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. नेटवर्किंगच्या पुस्तकांत हा किस्सा सहसा तळटिपेत जातो, मला तो कायम वर आणावासा वाटतो.

लोक स्विचला एक्स्टेंशन बोर्ड म्हणतात, आणि ते बरंचसं पटण्यासारखं आहे. बोर्ड लावल्याने मीटरमधून येणारी वीज वाढत नाही, प्लग लावायला जागा होते एवढंच. पण एका बाबतीत ही उपमा फसते. एकाच स्विचवरची दोन उपकरणं एकमेकांशी बोलतात तेव्हा ती माहिती राउटरपर्यंत जातच नाही, स्विचच्या आतल्या आत वळते. समजा डेस्कटॉप आणि घरचं एनएएस, म्हणजे नेटवर्कवरची हार्ड डिस्क, एकाच गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या, स्विचवर आहेत. लग्नाचं ५० जीबीचं शूटिंग डेस्कटॉपवरून तिकडे टाकायला साधारण साडेसात-आठ मिनिटं लागतील, आणि त्या वेळी हॉलमध्ये चाललेल्या सिनेमावर ओरखडाही उठणार नाही. तुमचा नेटचा प्लॅन ३० एमबीपीएसचा आहे की ३००चा, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मोजायचं काय

घरात इंटरनेट वापरणाऱ्या वस्तू मोजू नका, तो आकडा हल्ली उगाच मोठा निघतो. मोबाईल, टॅब, मांडीवर घेऊन फिरायचा लॅपटॉप, स्मार्ट बल्ब, गिझरचा प्लग, हे सगळे वाय-फायचे गिऱ्हाईक. यातल्या बहुतेकांना लॅनचं भोकच नसतं. जे जागचं हलत नाही आणि ज्याला लॅन पोर्ट आहे, तेवढंच कागदावर लिहा. टीव्ही किंवा त्याचा सेट-टॉप बॉक्स, डेस्कटॉप, गेमिंग कन्सोल, सीसीटीव्हीचं चित्रीकरण साठवणारा एनव्हीआर, प्रिंटर, एनएएस, मेशचे डबे (घरभर एकच वाय-फाय पसरवायला खोल्याखोल्यांत ठेवतात ते). बऱ्याच घरांत ही यादी दोन-तीनवर थांबते. मग विषय संपला, स्विच नको.

यादीत आहे म्हणून प्रत्येकाला केबल हवीच असंही नाही. टीव्हीचंच घ्या. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस किंवा जास्त सुचवतं. राउटर त्याच खोलीत असेल तर वाय-फायवर हे सहज निघतं. गंमत म्हणजे बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट अजूनही १०० एमबीपीएसचाच असतो, त्यामुळे स्पीड टेस्टमध्ये केबलवाला टीव्ही वाय-फायवाल्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकतो. तरी मी टीव्हीला केबलच लावीन. वाय-फाय ही सगळ्यांनी वाटून घ्यायची हवा आहे, एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलतो. रोज तीन-चार तास एका जागी बसून व्हिडिओ ओढणारा टीव्ही त्यातून बाहेर काढला की उरलेली हवा मोबाईलना मिळते. स्विचमुळे वाय-फाय सुधारलं असं कुणी सांगत असेल तर ते बहुधा या वाटेने आलेलं असतं.

मेशवाल्यांनी वेगळा हिशेब करायचा. मेशच्या डब्यांना पुष्कळदा दोनच पोर्ट असतात. मुख्य डब्याचा एक पोर्ट ओएनटीकडे जातो, दुसऱ्यातून एक केबल आतल्या डब्याला दिली की संपलं. ओएनटीच्या मागे तीन पोर्ट रिकामे दिसत असले तरी ते वापरू नका, कारण मेश स्वतः राउटर म्हणून चालत असेल तर ओएनटीला लावलेली वस्तू वेगळ्या नेटवर्कात जाऊन पडते. इथे मुख्य डब्यामागे स्विच लागतोच, आणि तो घेण्याचं हे मला दिसणारं सगळ्यात सबळ कारण आहे. सगळे डबे केबलने जोडले की मेश जे काही देऊ शकतं ते खरं तेव्हा मिळतं.

पोर्ट किती, यापेक्षा कुठे

डोंबिवलीत ताईच्या घरी भावजींनी आतल्या बेडरूममध्ये ऑफिस थाटलंय. फायबर डक्टमधून वर येतं, त्यामुळे राउटर हॉलमध्ये दाराशेजारी. फ्लॅटचं काम चालू असताना भिंतीतल्या पाइपमधून आतल्या खोलीपर्यंत एक लॅन केबल टाकून घेतली होती, एकच. टेबलावर आता डेस्कटॉप, ऑफिसच्या लॅपटॉपचा डॉक आणि प्रिंटर. नेटवाला म्हणाला, आणखी दोन वायरी ओढू, छताच्या कडेने पट्टी मारून देतो. ताईचा पट्टीला विरोध, आणि तो रास्त होता.

"अरे, पण राउटरचे दोन पोर्ट तर रिकामे आहेत. मग स्विच कशाला?" भावजींचा प्रश्न.

"राउटरवर रिकामे आहेत, भावजी. तुमच्या टेबलावर नाहीत."

घरात स्विच लागण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हे असतं. भिंतीतून एक केबल येते आणि तिच्या टोकाला तीन वस्तू उभ्या असतात. तिथे पाच पोर्टचा स्विच ठेवला की एक पोर्ट भिंतीकडे, चार टेबलाला. यात तिघांत एक केबल वाटली जाते, मग वेग तिसरा हिस्सा होणार का? कागदावर हो, व्यवहारात नाही. गिगाबिट केबलीतून प्रत्यक्षात साधारण ९४० एमबीपीएस जातं. प्लॅन १०० किंवा २००चा असेल तर अडचण बाहेरच्या फायबरची आहे, भिंतीतल्या केबलीची नाही. तिघं एकदम डाऊनलोड करत असतील तर ते प्लॅनचे वाटेकरी होतात, आणि तसे ते स्विच नसतानाही झालेच असते.

गेम खेळणाऱ्या पोरांना आणखी एक शंका असते, मध्ये डबा आला की पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, वाढेल. गिगाबिट स्विचला एक पूर्ण मोठं पाकीट आत घेऊन बाहेर सोडायला साधारण १२ मायक्रोसेकंद लागतात. गेमच्या सर्व्हरचा पिंग मिलिसेकंदांत मोजतात. एक मिलिसेकंद म्हणजे हजार मायक्रोसेकंद. हे एकदा समजावून झालं की तो विषय पुन्हा काढू नये.

शंभरवर अडकलेली केबल

ताईकडे स्विच लावला, दिवे लागले, सगळं चाललं. फक्त विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड १००/१०० दिसत होता. दोन्ही बाजूंना गिगाबिट पोर्ट असताना हा आकडा दिसला की बहुतेक वेळा दोष केबलीत किंवा तिच्या टोकाला असतो. भिंतीवरचा बॉक्स उघडला. आत आठ तारा, म्हणजे दोन-दोनच्या चार जोड्या: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. जॅकमध्ये बसवल्या होत्या केशरी आणि हिरव्या. निळी आणि तपकिरी जोडी नीट वेटोळं करून मागे सारून ठेवलेली.

बसवणाऱ्याने आळस केला म्हणावं तर तसंही नाही. १०० एमबीपीएसच्या इथरनेटला दोनच जोड्या लागतात, उरलेल्या दोन मोकळ्या असतात. एकाच केबलीतून दोन कनेक्शनं किंवा लॅनसोबत टेलिफोन काढायची सवय त्या काळातली. गिगाबिटचं १९९९ चं मानक मात्र चारही जोड्या वापरतं. एक जरी तार तुटली, सैल बसली किंवा जोडलीच नाही, तर काही उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात आणि काहींची लिंक लागतच नाही. दोन्ही टोकांना आठही तारा पंच करून घेतल्या आणि आकडा १०००/१००० झाला. स्विचचा यात काही संबंध नव्हता. प्लॅन १०० च्या वरचा असेल तर नवीन काहीही विकत घ्यायच्या आधी हा आकडा बघा. खूपदा खर्च दोन जॅकांवर भागतो.

केबल नवी घेणार असाल तर कॅट ५ई सुद्धा गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते, घरात याहून लांब काही नसतं. कॅट ६ चा फरक थोडाच असतो, भिंतीत कायमची जाणार असेल तर तीच घ्यावी. कॅट ७, कॅट ८ लिहिलेल्या चपट्या केबलींच्या नादी लागू नका. खरी काळजी वेगळी करायची. स्वस्त केबलीत पुष्कळदा तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, बाजारात त्याला सीसीए म्हणतात. ब्लेडने तार खरवडली आणि आत चांदीसारखी चकाकली तर ती तीच. दुकानदाराला "प्युअर कॉपर पाहिजे" असं तोंडाने सांगायचं, नाहीतर हीच गळ्यात पडते.

आता राउटरकडे या. डब्यावर चार पोर्ट दिसले म्हणजे चारही गिगाबिट, असं धरून चालू नका. स्वस्तातल्या ओएनटीमध्ये एकच पोर्ट गिगाबिट आणि बाकीचे १०० चे, अशी मांडणी असते. मॉडेल नंबर शोधला की तपशील मिळतो: जीई म्हणजे गिगाबिट, एफई म्हणजे १०० चा. तुमचा डबा असा असेल तर स्विच घ्यायला आणखी एक कारण मिळालं. गिगाबिट पोर्टातून एक केबल स्विचला द्या आणि डेस्कटॉप, एनएएस वगैरे सगळं स्विचवर आणा. १०० चे पोर्ट प्रिंटर आणि टीव्हीला भरपूर झाले.

याच कारणासाठी १०० एमबीपीएसचा स्विच आज विकत घेऊ नका. दुकानात तो अजून मिळतो, गिगाबिटपेक्षा काहीशे रुपयांनी स्वस्त. मघाचं ५० जीबीचं शूटिंग त्याच्यावरून पाठवलं तर सव्वा तास जवळ येतो.

कॅमेऱ्यांचा स्विच वेगळा

सीसीटीव्हीसाठी जो स्विच लागतो तो पीओई असतो. केबलीतूनच कॅमेऱ्याला वीज देतो, म्हणजे गच्चीवर किंवा गेटवर वेगळा प्लग काढावा लागत नाही. याचं पहिलं मानक २००३ चं, पोर्टामागे १५.४ वॅटपर्यंत. २००९ चं ३० वॅटपर्यंत जातं. घरगुती कॅमेऱ्याला पहिलं पुरतं. मानकाप्रमाणे चालणारा पीओई स्विच वीज सोडण्याआधी पलीकडे वीज घेणारं उपकरण आहे का ते तपासतो, त्यामुळे त्याला साधा लॅपटॉप लावला तरी काही होत नाही. पॅसिव्ह पीओई नावाने जे स्वस्त मिळतं ते तपासत नाही, सरळ व्होल्टेज सोडतं. त्यात चुकून टीव्ही लागला तर टीव्हीचा पोर्ट गेला. घेताना ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी (वरच्या दोन मानकांची नावं) छापलेलं आहे ना, एवढं वाचा. आणि एकूण वॅट किती तेही बघा, कारण प्रत्येक पोर्ट ३० देऊ शकतो म्हणजे सगळे पोर्ट एकाच वेळी तेवढे देतील असं नसतं.

कॅमेरे आणि एनव्हीआर एकाच स्विचवर ठेवावेत. चित्रीकरण दिवसरात्र तिथल्या तिथे फिरतं, घराच्या बाकीच्या जाळ्यावर त्याचा भार येत नाही. उलट कॅमेऱ्यासाठी आलेल्या स्विचचे दोन पोर्ट रिकामे आहेत म्हणून त्यावर डेस्कटॉप लावायचा मोह टाळा. कॅमेऱ्याचे स्विच सर्रास १०० चे असतात.

हे करू नका

स्विचऐवजी दुसरा राउटर आणणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी गोष्ट. दोन्हीला चार-पाच भोकं असतात, शिवाय राउटरला अँटेना, म्हणजे जास्त मिळाल्यासारखं वाटतं. पण दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचं नेट घ्यायच्या भोकात, केबल घातली की घरात दोन नेटवर्क होतात. मोबाईल एका बाजूला, प्रिंटर दुसऱ्या बाजूला, आणि प्रिंट दिली की प्रिंटर सापडत नाही. मोबाईलवरून टीव्हीवर कास्ट होत नाही. नेट दोन्हीकडे चालू असल्यामुळे दोष कुठे आहे ते कळतही नाही.

जुना राउटर कपाटात पडला असेल तर मात्र तो स्विच म्हणून वापरता येतो. त्याचा डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते वाटायचं काम, बंद करायचं, त्याचा स्वतःचा आयपी पत्ता मुख्य राउटरशी आदळणार नाही असा बदलायचा, आणि केबल वॅनमध्ये न घालता लॅन पोर्टात घालायची. ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडला की हे सगळं आपोआप होतं. एकच पाहा: ३०० एमबीपीएस असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या जुन्या राउटरांवरचा तो आकडा वाय-फायचा असतो, त्यांचे पोर्ट बहुतेक १०० चेच.

स्विच राउटरच्या आधी लावू नका. फायबरवाल्याने ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून (म्हणजे त्यातला राउटर बंद करून) वेगळा राउटर दिला असेल तर क्रम ओएनटी, राउटर, मग स्विच. ओएनटी आणि राउटरच्या मध्ये स्विच घालून त्याला टीव्ही लावला तर टीव्हीला आयपी द्यायला तिथे कुणी नसतं.

आणि एकाच केबलीची दोन्ही टोकं एका स्विचमध्ये घालू नका. कोण घालेल, असं वाटतं. दिवाळीच्या साफसफाईत टीव्हीमागे लोंबणारी केबल दिसते, शेजारी रिकामं भोक दिसतं, आणि कुणीतरी प्रेमाने ती खोचून टाकतं. इथरनेटच्या पाकिटावर ते किती वेळा फिरलं याची नोंद नसते, त्यामुळे सगळ्यांना उद्देशून निघालेलं एक पाकीट त्या फेऱ्यात सापडलं की फिरतच राहतं, प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती वाढतात, आणि काही क्षणांत घरातलं सगळं नेट, वाय-फायसकट, आडवं होतं. खूण अशी की स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकतात. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये यावर स्पॅनिंग ट्री ही युक्ती शोधली. मोठ्या स्विचमध्ये ती असते, घरातल्या स्वस्त स्विचमध्ये सहसा नसते. नेट अचानक पूर्ण मेलं आणि नुकतंच कुणी झाडलोट केली असेल, तर कस्टमर केअरला फोन लावायच्या आधी टीव्हीमागे बघा.

वीज गेली की

हा मुद्दा परदेशी व्हिडिओंत येत नाही, आपल्याकडे तो पहिला यायला हवा. लाईट गेल्यावर नेट चालू राहावं म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावलेला असतो. स्विच लावला की साखळीत आणखी एक वीज खाणारा दुवा आला. राउटर चालू, स्विच बंद, म्हणजे आतल्या टेबलावर अंधार आणि मीटिंग अर्ध्यात. इन्व्हर्टरवरच्या बोर्डावर स्विच घ्या किंवा त्यालाही यूपीएस द्या. पण थांबा: राउटरचे छोटे यूपीएस बहुतेक १२ व्होल्टचे असतात आणि छोटे स्विच ५ किंवा ९ व्होल्टचेही येतात. पिन बसली म्हणून लावली तर स्विच जळेल. दोन्ही अडॅप्टरवरचे आकडे वाचूनच हात घाला. बिलाची चिंता नको, तीनेक वॅटचा स्विच महिनाभर अखंड चालून साधारण दोन युनिट खातो.

वाडीतल्या लोकांनी आणखी एक बघावं. घर आणि आउटहाऊस, किंवा रस्त्याकडचं दुकान, यांच्यामध्ये उघड्यावरून लॅन केबल नेऊन दोन्हीकडे स्विच लावलेले दिसतात. कोकणात वळवाच्या पावसात वीज जवळपास कडाडली तरी त्या लांब तांब्याच्या तारेत झटका येतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. दोन इमारतींमध्ये फायबर टाका आणि दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन केबल जोडणारा डबा, बसवा. फायबरच्या आत काच असते, तिच्यातून वीज जात नाही. बाहेरून मजबुतीसाठी लोखंडी तार असलेली फायबर घेऊ नका म्हणजे झालं.

दुकानात

मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच नको. कॅमेरे वेगळ्या नेटवर्कात टाकणं, पाहुण्यांचं नेट वेगळं काढणं अशी कामं त्यात होतात, पण त्यासाठी राउटरलाही व्हीलॅन, म्हणजे एकाच जाळ्याचे वेगळे भाग करायची पद्धत, कळावी लागते, आणि फायबरवाल्याच्या डब्यात ते सेटिंग बहुधा कुलूपबंद असतं. अडीच गिगाबिटचा स्विचही आत्ता नको, जोवर घरातल्या दोन उपकरणांना तो पोर्ट नाही.

पाच पोर्टचा घ्यायचा की आठचा? राउटरचा एक आणि स्विचचा एक पोर्ट जोडण्यातच जातो. चार पोर्टच्या राउटरला पाचचा स्विच लावला की वापरायला एकूण सात राहतात, आठचा लावला की दहा. एका टेबलासाठी पाचचा घ्या. राउटरशेजारी, जिथून पुढे सगळ्या खोल्यांत वायरी जाणार आहेत, तिथे आठचा. पाचचा गिगाबिट हजाराच्या आसपास मिळतो, आठचा त्याहून काहीशे रुपये जास्त. प्लॅस्टिकपेक्षा पत्र्याचा बरा, गरम कमी होतो. कोकणात असाल तर रिकाम्या पोर्टांना रबरी टोपणं लावा, मुंग्यांना ती भोकं फार आवडतात. राउटरकडून आलेली केबल कोणत्याही पोर्टात चालते, खास पोर्ट शोधत बसू नका. केबलीच्या टोकाला चिकटपट्टी लावून कुठली कुठे जाते ते पेनाने लिहा, म्हणजे पुढच्या दिवाळीत साफसफाई करणाऱ्यालाही ती वाचता येईल.